मामांच्या पिस्तुलाला गंज नव्हता

पिस्तूल बाळगणाऱ्या माणसांत माझ्या बायकोच्या मामांइतका निरुपद्रवी माणूस आजवर झाला नसेल, आणि पुढे होईल अशी चिन्हंही दिसत नाहीत. गोव्यात, धारगळला हमरस्त्याला लागून त्यांचं घर आहे, मागे नारळ-सुपारीची बागायत आहे, आणि घरातल्या लोखंडी कपाटात, मामींच्या जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळून बिस्किटांच्या डब्यात ठेवलेलं एक परवान्याचं पिस्तूल होतं. 'होतं' का म्हणतो, ते पुढे येईलच. या पिस्तुलातून मामांनी आयुष्यात एकही गोळी झाडली नाही. मनात आलं असतं तरी जमलं नसतं, कारण घरात गोळीच नव्हती. वडिलांच्या वेळच्या गोळ्या सादळून गेल्या, त्या त्यांनी रीतसर पोलिसांत जमा केल्या आणि नव्या कधी आणल्याच नाहीत. मी एकदा कारण विचारलं, तर माझ्याकडे कीव आल्यासारखं बघून म्हणाले, "गोळी झाडली काय आंत घाण जाता, जांवयबापू. मगे ती पुसतलो कोण?"

हे पिस्तूल फिरंग्याच्या राजवटीत मामांच्या वडिलांनी घेतलेलं. त्यांची बागायत मोठी, वर किराण्याचं दुकान, त्यामुळे चार माणसांत वजन होतं आणि त्या वजनाला साजेसं काहीतरी कमरेला असावं, एवढ्यासाठीच ते घेतलं असावं. त्यांनीही ते कधी उडवलं नाही. अखेरच्या दुखण्यात त्यांनी मामांना जवळ बोलावलं, बिस्किटांचा डबा त्यांच्या हातात दिला आणि म्हणाले, "गंजूंक दिवूं नाका." गंजू देऊ नकोस, बस्स. कोणावर रोखू नकोस, उगाच कोणाला दाखवू नकोस, शेतीवाडी सांभाळ, आईला जप, असलं एक अक्षर त्यांनी उच्चारलं नाही. वडिलांच्या शब्दाखातर वनवासात जाणाऱ्यांची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. मामा वनवासात गेले नाहीत, बाल्कांवात, म्हणजे घरापुढच्या ओसरीत, पेपर पसरून बसले. पण निष्ठा तीच.

रविवारी सकाळी पोदेराकडचे उंडे पाव आणि पातळ भाजी खाऊन झाली, की मामा बाल्कांवातल्या सिमेंटच्या कट्ट्यावर वर्तमानपत्र पसरत. ज्या पानावर देवाचा किंवा मेलेल्या माणसाचा फोटो असेल ते पान बाजूला काढून ठेवत. मग डबा येई. नळी आणि बाकीचा भाग पुसून लवकर आवरत, कारण त्यांचा खरा जीव होता तो मॅगझिनवर. मॅगझिन म्हणजे पिस्तुलाच्या मुठीत खालून सरकवायची पत्र्याची चपटी डबी. गोळ्या तिच्यात एकावर एक बसतात आणि आतली स्प्रिंग त्यांना वर ढकलते. पत्रा पातळ, कोपरे अरुंद, आणि आपली हवा अशी की घराघरातल्या खिळ्यालासुद्धा दमा व्हावा. त्यामुळे गंज आधी यायचा तो इथेच. मामा तळाची पट्टी सरकवून स्प्रिंग अलगद बाहेर काढत, तिच्या डोक्यावरची पत्र्याची पायरी वेगळी करत, आणि सगळे भाग पेपरावर ओळीने मांडून काही वेळ नुसते बघत बसत. मामींचं म्हणणं असं की लग्नानंतर त्यांच्याकडे कोणी इतका वेळ बघितलेलं नाही. "ह्या डबयेक घातलां तितलां तेल माज्या केसांक घातलां आसतां, जाल्यार आज वेणी जमनीक लागली आसती," हे वाक्य मी त्यांच्या तोंडून इतक्या वेळा ऐकलं आहे, की आता ते त्या बाल्कांवाचाच एक भाग वाटतं.

साफसफाईचं मामांचं शास्त्र पूर्णपणे गावठी होतं. गंजाला बिंबल. कालवणात आंबटपणासाठी घालतात तेच हिरवं, लांबट बिंबल, झाडावरून त्याच दिवशी काढलेलं. कालचं चालत नसे. ते अर्धं कापून गंजाच्या ठिपक्यावर घासायचं, ठिपका सुटला की लगेच पुसायचं. मग तेलाचा जुना चिकटा काढायला फेणी. मामांनी उभ्या आयुष्यात दारूच्या थेंबाला ओठ लावला नाही, पण फेणीची त्यांच्याइतकी पारख मी दुसऱ्या कोणात पाहिली नाही. बारमधली त्यांना चालत नसे. लाटंबार्स्याच्या एका भट्टीवरची हवी, आणि ती आणायचं काम माझ्याकडे. मी डिचोलीला राहतो, गाडी बाळगतो आणि जावई आहे, म्हणजे तिन्ही बाजूंनी अडकलेला. तेव्हा वाट थोडी वाकडी करून मी बाटली उचलत असे आणि धारगळला पोचवत असे. त्यामुळे धारगळात मामा पितात आणि लाटंबार्स्यात मी पितो, अशी दोन्ही गावांची आपापली समजूत झाली. भट्टीवाला मात्र खरं काय ते जाणून होता. हंगाम सुरू झाला की तो हळूच विचारायचा, "मामा कितें म्हणाले यंदा?" एका वर्षी मामांनी "यंदाची चिकट्याक लागना" असा निरोप पाठवला, तेव्हा तो माणूस चार दिवस नीट जेवला नाही, असं त्याच्या बायकोने मला सांगितलं.

स्प्रिंगच्या बाबतीत मामा फार हळवे होते. स्प्रिंग दाबून ठेवली की थकते, असं त्यांचं मत. गोळ्या नसल्यामुळे ती बिचारी जन्मभर सैल पडून होती, म्हणजे नोकरीला लागल्यापासून रजेवरच. तरीही डबीत परत बसवताना तिला जो काही दाब सोसावा लागे, त्याचं मामांना वाईट वाटत असे. एकदा रानडुकरं मागच्या बागायतीत घुसली आणि सुरणाच्या वाफ्यात धुमाकूळ घालायला लागली. शेजारपाजारचे बॅटऱ्या घेऊन धावले, ओरडले, "मामा, पिस्तूल काडा!" मामा दारात आले, परिस्थिती बघितली आणि म्हणाले, "आज? आज कशें? आज सकाळींच पुसून दवरलां!" डुकरांनी सुरण खाल्ले, मामांनी नुकसान सोसलं, आणि पुढच्या रविवारी पिस्तूल नेहमीसारखं बाहेर आलं.

माणसं पारखायचीही त्यांची हीच कसोटी. मी बायकोला बघायला गेलो, तेव्हा बाकीच्यांनी मला शिक्षण, पगार, आईची तब्येत वगैरे विचारलं. मामा कोपऱ्यात बसून होते. सगळ्यांचं झाल्यावर ते म्हणाले, "किल्ली दाखवा बघू." मला वाटलं, स्कूटर कोणती आहे ते बघायचं असेल. मी जुडगा पुढे केला. त्यांनी एकेक किल्ली उजेडात धरून दोन्ही बाजूंनी पाहिली, कडी बोटाने घासली, बोटाचा वास घेतला आणि माझ्या होणाऱ्या सासऱ्यांना माझ्यासमोरच सांगितलं, "मनीस बरो. पूण किल्ल्यांक गंज आसा." लग्न झालं ते या शेऱ्यासकट. आहेरात इतरांनी भांडी दिली, मामांनी मशीनच्या तेलाची छोटी कुपी दिली. बायकोने ती अजून ठेवली आहे. वाद झाला की काढून टेबलावर ठेवते.

आता मामांच्या आयुष्यातल्या एकमेव संकटाबद्दल सांगायला हवं. आमच्या गोव्यात निवडणुकांना तोटा नाही. पंचायतीची, जिल्हा पंचायतीची, विधानसभेची, लोकसभेची, आणि कोणी मधेच राजीनामा दिला तर आणखी एक. निवडणूक आली की परवान्याची हत्यारं पोलिसांत जमा करायची असतात. त्या दिवशी ठाण्यासमोर रांग लागते. डुकरं-माकडं हाकलायला ठेवलेल्या एकनळी बंदुका खांद्यावर घेऊन शेतकरी उभे असतात, आणि गप्पा चालतात त्या काजूच्या मोहराच्या. या रांगेत मामा बिस्किटांचा डबा छातीशी धरून उभे राहत. मुलीला सासरी पाठवतानाही माणसाचा चेहरा इतका पडत नाही. आतल्या माणसाला ते दर वेळी सांगत, "भिंतीक लावून दवरूं नाकात. भिंत ओल धरता." निकाल लागले की सगळ्यांच्या आधी हजर. घरी आणून उघडायचे, तर कुठे ना कुठे तांबूस ठिपका असायचाच, आणि तो दिसला की त्या रविवारी मामा सरकारला बोलत. एरवी ते सरकारला कधी काही बोलत नाहीत.

गेल्या खेपेच्या निवडणुकीआधी मात्र वेगळंच घडलं. मामांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. त्यांनी कोणालाही सांगितलं नव्हतं, मामींनासुद्धा नाही. हातही थोडे थरथरत होते, पण ते चहाचा कप उचलताना दिसायचं आणि त्याबद्दल कोणी बोलत नसे. पिस्तूल जमा करायची नोटीस आली. ते स्वच्छ होऊनच जायला हवं, म्हणून मामा मॅगझिन घेऊन बसले. त्यांना सगळीकडे गंज दिसायला लागला. खरं तर तो गंज नव्हता, मॅगझिनवरचा मूळचा काळा मुलामा होता; पण काळं कुठे संपतं आणि तांबूस कुठे सुरू होतं, हे त्या डोळ्यांना आता कळत नव्हतं. मामांनी बिंबलं घासली. 'गंज' जाईना. मग त्यांनी जन्मात केलं नव्हतं ते केलं: बिंबलांचा रस काढला आणि मॅगझिन त्यात बुडवून ठेवून दिलं. बाहेर काढलं तेव्हा गंज नव्हताच, पण काळेपणाही नव्हता. वडिलांच्या हातची ती काळीभोर डबी डब्याच्या झाकणासारखी पांढरी पडली होती.

हे मला नंतर मामींकडून कळलं. त्या म्हणाल्या, की ते मॅगझिन हातात घेऊन हे कितीतरी वेळ बसून होते, जेवायला हाक मारली तरी उठले नाहीत. मग उठले ते थेट मागच्या मांगराकडे, अवजारं ठेवायच्या खोपटाकडे गेले. तिथे काजूच्या टरफलांचं तेल ठेवलेलं होतं. वाळवी लागू नये म्हणून आम्ही खांबांना, वाशांना फासतो ते; काळं, दाट, आणि कातडीला लागलं तर फोड आणणारं. मामांनी कोंबडीच्या पिसाने त्याचे दोन हात मॅगझिनला दिले. वारा लागला तसं ते मस्त चकाकलं. मोतीबिंदूच्या डोळ्यांना तर ते आधीपेक्षाही काळं वाटलं असणार. दुसऱ्या दिवशी बोटांवर फोड घेऊन मामा रांगेत उभे राहिले, ते रिकामं मॅगझिन आतल्या माणसाला उघडून दाखवलं, आणि धूळ जाऊ नये म्हणून नेहमीसारखं पिस्तुलात सरकवून दिलं. तेल वरून सुकलं होतं, आतून नव्हतं.

निकाल लागले. मामांना घेऊन मीच ठाण्यावर गेलो; येताना वाटेत लाटंबार्स्याची बाटली उचलली होती, ती गाडीतच होती. आत एक हवालदारीण होती, मये गावची, तिशी-पस्तिशीची, बोलायला मोकळी. तिने पिस्तूल आणून टेबलावर ठेवलं. देण्याआधी ते रिकामं असल्याची खात्री करायची असते, म्हणून तिने खटका दाबला आणि मॅगझिन ओढलं. ते हललं नाही. तिने पुन्हा ओढलं. दुसऱ्या एका पोलिसाने ओढलं. मग बातमी आतल्या खोलीत गेली आणि इन्स्पेक्टर स्वतः बाहेर आला.

"आजोबा, आंत गोळी आसा?"

"माज्या पिस्तुलांत? गोळी?" मामांचा आवाज असा लागला, जणू कोणीतरी त्यांच्या चारित्र्यावरच बोट ठेवलं होतं.

पण आत मॅगझिन अडकलेलं आणि ते रिकामं आहे हे नुसतं मामांच्या सांगण्यावरून मानायचं, हे कोणत्याही ठाण्याच्या नियमात बसत नाही. पिस्तुलाचं तोंड वाळूच्या बालदीकडे करून ठेवलं गेलं. चहावाल्याला दारातूनच परत पाठवलं. तक्रार द्यायला आलेली एक बाई "फाल्यां येतां", उद्या येते, म्हणून निघून गेली. इन्स्पेक्टरने मुख्यालयातल्या हत्यारं दुरुस्त करणाऱ्या माणसाला फोन लावला आणि विचारलं की हे कशाने सुटेल. पलीकडून विचारलं गेलं की अडकलं कशाने. इन्स्पेक्टरने मामांकडे पाहिलं. मामांनी खाली बघत सांगितलं, "काजूच्या टरफलाचें तेल." पलीकडच्याने ते पुन्हा एकदा सांगायला लावलं.

"फेणी हाडा, जांवयबापू," मामा मला म्हणाले. "गाडयेंत आसा ती."

पोलीस ठाण्यात फेणीची बाटली घेऊन आत शिरण्याचा अनुभव सगळ्यांच्या वाट्याला येत नाही. पहाऱ्यावरच्या शिपायाने बाटलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि मग भिंतीकडे. हवालदारणीने कुलेरीने, चहाच्या चमच्याने, फेणी थेंबथेंब फटीत सोडली, थांबली, पुन्हा सोडली. सगळ्या ठाण्याला काजूच्या हंगामाचा वास आला. अखेर मॅगझिन सरकलं आणि काळ्या चिकट्याच्या तारा ओढत बाहेर आलं. रिकामं होतं. सगळ्यांनी श्वास सोडला. मामांनी मात्र चिकट्याने बरबटलेलं ते मॅगझिन पाहून डोळे मिटून घेतले.

इन्स्पेक्टर चांगला माणूस होता. ओरडला नाही. खुर्ची ओढून मामांसमोर बसला आणि विचारलं, "आजोबा, तुमी हें पिस्तूल दवरतात तरी कित्याक?"

"गंजता म्हूण," मामा म्हणाले.

इन्स्पेक्टरने टोपी काढून टेबलावर ठेवली. मग त्याने हळूच सांगितलं, की परवान्याचं नूतनीकरण आता जवळ आलं आहे, डोळे तपासले जातील, हात बघितले जातील, आणि हा आजचा प्रकारही लिहावा लागेल. विचार करा, म्हणाला. मामांचा मुलगा बहारीनला असतो. तो तर कधीचा सांगत होता की ते लोढणं देऊन टाका. मामांनी ते कधी मनावर घेतलं नव्हतं आणि इन्स्पेक्टरचंही घेतलं नाही. त्यांनी टेबलावरचा कालचा पेपर ओढून घेतला, पान उलटून कोणाचा फोटो नाही ना ते बघितलं, आणि तिथेच मॅगझिन उघडायला घेतलं. फेणीत फडकं बुडवून त्यांनी आतला-बाहेरचा चिकटा काढला. कोणी त्यांना अडवलं नाही. ठाण्यातलं काम जवळजवळ थांबलंच होतं.

काढणं जमलं, परत बसवणं जमेना. स्प्रिंग दाबून तळाची पट्टी सरकवायची असते, आणि फोडांचे डाग राहिलेली ती बोटं थरथरत होती. पहिल्यांदा स्प्रिंग निसटून टेबलावर पडली. दुसऱ्यांदा उडाली ती कपाटाखाली गेली, आणि मी, एक शिपाई आणि तक्रारीसाठी आलेला एक भलताच गृहस्थ, असे तिघे फरशीवर पालथे पडून तिला शोधत राहिलो. सापडली. मामांनी पुन्हा प्रयत्न केला. मी मान दुसरीकडे वळवली. मला मामांची चेष्टा करण्याची फार सवय आहे, पण त्या वेळी मी कपाटावरच्या फायली मोजत राहिलो.

"आजोबा, हांव घालूं?" हवालदारीण म्हणाली.

मामांनी क्षणभर तिच्याकडे पाहिलं आणि मॅगझिन तिच्यापुढे केलं. तिने अंगठ्याने स्प्रिंग दाबली, पट्टी सरकवली, टक्क आवाज झाला. मग, कोणी काही सांगितलेलं नसताना, खिडकीतला टॉवेल घेऊन तिने मॅगझिन सगळीकडून पुसलं, आणि मगच टेबलावर ठेवलं.

"तुका हें कोणें शिकयलां?" मामांनी विचारलं.

"कितें? पुसूंक? हाताक घाम आसता न्हय. आमगेर मयें कोयत्यो आसात. बापूय पुसल्याबगर दवरूंक दिना."

मामांनी मॅगझिन उचलून उजेडात धरून पाहिलं. मग त्यांनी पिस्तूल आणि मॅगझिन एकत्र केलं, लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलं, आणि ते गाठोडं टेबलावरून तिच्याकडे सरकवलं. "मगे हें हांगाच रावूं दी," म्हणाले. "भिंतीक लावून दवरूं नाका." अर्ज वगैरे सोपस्कार मी नंतर पार पाडले. बिस्किटांचा डबा तेवढा मामांनी परत नेला. गाडीत तो मांडीवर घेऊन बसले होते, आणि घर येईपर्यंत त्यांनी एकच प्रश्न विचारला: "ती बाय रोज येता न्हय थंय?"

"येता," मी म्हणालो.

मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. आता मामांना लांबून विमानाच्या शेपटीवरचं चित्रसुद्धा दिसतं, आणि बघायला काही नाही. मामींनी माझ्या बायकोला फोन करून सांगितलं, की हे रविवारी पेपर पसरतात आणि नुसते त्याच्यापुढे बसतात. मामींनी आपली आदोळी, नारळ खवायची विळी, पुढे केली, ती त्यांनी चहा निवायच्या आत लखलखीत करून परत दिली. जन्मभर ज्या छंदाला नावं ठेवली, तो पुन्हा सुरू व्हावा म्हणून मामी घरभर गंज शोधत फिरत होत्या. मग मी डिचोलीहून वस्तू नेऊ लागलो. जुनी कात्री, दाराची बिजागरी, पाने, सांडशी, शेजाऱ्यांची विळी. मामा त्या बघत, नाक मुरडत आणि कामाला लागत. दर वेळी, मान वर न करता, विचारत, "ती बाय आसा न्हय थंय?" मी म्हणायचो, "आसा." तिची बदली केव्हाच झाली होती.

होता होता आमच्या घरातला गंज संपला. पावसाळा सरून गेलेला, नवा गंज धरायला हवा साथ देईना. तेव्हा मी गच्चीच्या दाराचं कुलूप काढलं आणि न्हाणीतल्या बालदीत बुडवून ठेवलं. बायकोने ते पाहिलं. स्वयंपाकघरात गेली आणि मूठभर मीठ आणून बालदीत टाकलं. चांगलं तांबडंलाल झालं तसं कुलूप घेऊन मी धारगळला गेलो.

मामांनी ते हातात घेतलं, उजेडात धरलं, बोट घासलं, बोटाचा वास घेतला.

"हो पावसाचो गंज न्हय," म्हणाले. "बालदेंतलो. आनी मीठ मात्शें चड जालां."

मीठ जरा जास्त पडलं, हे मी कबूल केलं.

"आनी ती बाय खंय बदलून गेली?"

"मडगांवाक," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

मामांनी मान हलवली. बिंबल कापलं आणि घासायला सुरुवात केली. ऊन बाल्कांवातून सरकून अंगणात गेलं तरी त्यांचं चाललेलंच होतं. कुलपाला घाई नव्हती. शेवटी तेलाचा हात देऊन, फडक्याने पुसून, त्यांनी ते माझ्या तळहातावर ठेवलं आणि वरून माझी बोटं मिटवली.

"गंजूंक दिवूं नाकात," म्हणाले.

ते कुलूप आमच्या गच्चीच्या दाराला आहे. दर रविवारी मी ते काढून पुसतो; टेबलावर ठेवलेली ती मशीनच्या तेलाची कुपी आता त्यासाठीच लागते. त्याच्याबरोबर किल्ल्याही पुसून होतात, कात्रीही, कड्याही. बायको हसते. अडचण एवढीच झाली आहे, की मामांकडे न्यायला आता आमच्या घरात गंजलेलं असं काहीच उरलेलं नाही.